नगर परिषदेपुढे शाळेचा प्रस्ताव ठेवताना

वाचकाचे पत्र:

“मी मूळची नाशिक जिल्ह्यातली. लग्नाआधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सध्या अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात राहते आणि एका सार्वजनिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. ओळखीची काही मराठी व इतर भारतीय कुटुंबे, माझ्या शाळेतले दोन शिक्षक आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका असे आम्ही मिळून शहराच्या वायव्य भागात चार्टर शाळा काढायचे ठरवले आहे. गणित पक्के व्हावे, वर्ग लहान असावेत आणि मुलांनी घरची भाषा विसरू नये, अशी आमची कल्पना आहे. प्रस्ताव शहराच्या कॉमन कौन्सिलकडे, म्हणजे नगर परिषदेकडे द्यायचा आहे. माझे यजमान म्हणतात, सादरीकरण उत्तम केले की काम होईल. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, आधी नगरसेवकांना भेटा. ही शाळा आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखीच असते का? आम्ही बाहेरून आलेले, आमचे कोण ऐकेल? आणि यासाठी मी नोकरी सोडावी का?”
— एक शिक्षिका, मिलवॉकी

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात शाळा कशी असेल याचे वर्णन मन लावून केलेले आहे, पण ती कोणासाठी असेल हे मला त्यात सापडले नाही. प्रस्तावाचे बळ आणि उणीव दोन्ही तिथेच आहेत, म्हणून माझ्या उत्तराचा बराचसा भाग त्याविषयीच आहे. एक गोष्ट मात्र आधी ठरवून घ्या. कौन्सिलकडे तुम्ही एका चांगल्या कल्पनेसाठी शाबासकी मागायला जात नसून जनतेच्या पैशाचा आणि इतरांच्या मुलांचा करार मागायला जात आहात. या करारालाच चार्टर म्हणतात. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार तो एका वेळी जास्तीत जास्त पाच शालेय वर्षांचा असतो आणि त्यानंतर तो पुन्हा मिळवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक वाक्याचा पाच वर्षांनी आपल्याला जाब द्यायचा आहे, असे समजून प्रस्ताव लिहावा. सादरीकरण नंतर त्यातूनच तयार होईल, त्याची चिंता आज करू नये.

अनुदानित शाळेशी तुलना केलीत हे बरे झाले, कारण बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात. आपल्याकडे एखादी शिक्षण संस्था शाळा चालवते, शासन शिक्षकांचे वेतन देते आणि मान्यता एकदा स्थिरावली की शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालते. चार्टर शाळाही सरकारी पैशावर एखादी स्वतंत्र संस्थाच चालवते, तिला फी घेता येत नाही आणि ती सार्वजनिक शाळाच मानली जाते. इथपर्यंत साम्य आहे. फरक असा की इथे पैसा वेतनासाठी म्हणून येत नाही, तो दर मुलामागे येतो, आणि चालकांना अभ्यासक्रम, वेळापत्रक व नेमणुका यांत जे स्वातंत्र्य मिळते, ते निकाल दाखवण्याच्या अटीवर मिळते. मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये असा पहिला कायदा केला, विस्कॉन्सिनचा कायदा 1993 मध्ये आला आणि 1997 मधील दुरुस्तीने मिलवॉकी शहराला स्वतः चार्टर देण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नगर परिषदेचा शाळांच्या मान्यतेशी संबंध येत नाही. तुमचे शहर या बाबतीत थोड्या अपवादांपैकी एक आहे. त्याच शहरात 1990 पासून खासगी शाळांसाठीची व्हाउचर योजनाही (मुलाच्या खासगी शाळेचा खर्च सरकारी पैशातून देणारी) चालू आहे आणि सर्वसामान्य नागरिक या दोहोंची सतत गल्लत करतात. तुमची शाळा व्हाउचरवर चालणारी खासगी शाळा नाही, हे पहिल्याच पानावर एका साध्या वाक्यात लिहा.

कौन्सिलच का, याचेही उत्तर तयार ठेवा. चार्टर देण्याचा अधिकार सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या मिलवॉकीच्या शिक्षण मंडळाला आहे आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेलाही आहे. अर्ज तिकडे का केला नाही, असे कोणी विचारले आणि तुम्ही गप्प राहिलात, तर सोपे दार निवडल्याचा समज होईल. शहराच्या बाबतीत प्रस्तावाची छाननी आधी चार्टर स्कूल रिव्ह्यू कमिटी करते आणि तिच्या शिफारशीनंतर विषय कौन्सिलपुढे जातो. खरी परीक्षा या समितीपुढेच होते. त्या वर्षीचा अर्जाचा नमुना आणि मुदती समितीकडूनच मागवून घ्या, कोणाच्या जुन्या अर्जावर विसंबू नका. समितीच्या एकदोन बैठकांना श्रोते म्हणून बसा आणि शहराच्या सध्याच्या चार्टर शाळांचे वार्षिक अहवाल वाचा. कोणत्या उणिवांवर बोट ठेवले जाते, ते त्यांतून जितके कळेल तितके कोणत्याही सल्लागाराकडून कळणार नाही.

आता मुख्य प्रश्न, ही शाळा कोणाची. तुमच्या गटातल्या कुटुंबांना आपापल्या मुलांसाठी चांगली शाळा हवी आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर प्रवेश सोडतीने द्यावे लागतात. संस्थापक, नियामक मंडळाचे सदस्य आणि पूर्णवेळ कर्मचारी यांच्या मुलांना प्राधान्य देण्याची मुभा कायद्यात आहे, पण अशा मुलांची संख्या एकूण पटाच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे 150 मुलांच्या शाळेत तुमची मुले फार तर 15. उरलेली 135 कोण आहेत, कोणत्या रस्त्यांवर राहतात, आज कोणत्या शाळेत जातात, तिथे त्यांना काय मिळते आणि काय मिळत नाही? वायव्य भागातल्या कृष्णवर्णीय आणि ह्मोंग (मूळच्या आग्नेय आशियातल्या) कुटुंबांशी तुमच्यापैकी कोणी बोलले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. बोलणे झाले नसेल, तर अर्ज एक वर्ष पुढे ढकला, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चर्चच्या तळघरातल्या सभा, सार्वजनिक वाचनालय, पाळणाघरे, कपडे धुण्याची दुकाने, जिथे पालक असतात तिथे जा, आणि आपली कल्पना सांगण्याआधी त्यांना विचारा. कदाचित ते लहान वर्गांपेक्षा शाळा सुटल्यानंतरच्या देखभालीची मागणी करतील, कारण दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला अडीच वाजता मुलाला न्यायला येणे जमत नाही. कदाचित बसचा प्रश्न पुढे येईल. त्यांच्या बोलण्याने तुमचा आराखडा बदलला, तर कोणता भाग कसा बदलला ते प्रस्तावात लिहा. स्वाक्षऱ्यांचे लांबलचक कागद नगरसेवक रोज पाहतात. मुलाचे सध्याचे वर्ष, घर कोणत्या प्रभागात आहे आणि तुमच्या शाळेत यायची इच्छा का आहे, एवढे नोंदवलेली थोडी कुटुंबे त्याहून अधिक मोलाची ठरतात.

घरच्या भाषेविषयीची तुमची तळमळ मला पटते आणि ती सोडू नका. मात्र मराठी किंवा हिंदी शिकवणारी शाळा म्हणून ती मांडलीत, तर सार्वजनिक पैशावर एका समाजाची शाळा काढायची आहे, असा अर्थ घेतला जाईल. त्या भागात घराघरांत बोलल्या जाणाऱ्या भाषांपासून सुरुवात करा. ह्मोंग अमेरिकन पीस अकॅडमी ही शाळा याच शहरात 2004 मध्ये सुरू झाली. ती शिक्षण मंडळाच्या चार्टरवर चालते, एका समाजाच्या भाषा-संस्कृतीला मान देते आणि तरीही सार्वजनिक शाळा म्हणून सर्वांना खुली आहे. तिथे जाऊन या. शिवाय चार्टर शाळा धर्मनिरपेक्ष असणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या शाळांत सकाळची प्रार्थना, सरस्वतीपूजन, श्लोकपठण हे इतके सहज असते की त्यात धर्म आहे हे आपल्याला जाणवतही नाही. प्रस्तावातल्या दिनक्रमात असे काही नकळत शिरले आहे का, हे तुमच्या गटाबाहेरच्या व्यक्तीकडून तपासून घ्या.

सर्वांत कठीण आक्षेप पैशाचा येईल आणि तो शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. मिलवॉकीच्या सार्वजनिक शाळांचा पट गेली अनेक वर्षे घटत आला आहे. एप्रिल 2024 मध्ये शहराच्या मतदारांनी निसटत्या बहुमताने 25 कोटी 20 लाख डॉलरच्या वाढीव खर्चाला मान्यता दिली, म्हणजे करदात्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला, तो याच शाळा टिकाव्यात म्हणून. अशा वेळी आणखी एक शाळा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. समजा, तुमच्याकडे येणारी 150 मुले 30 शाळांतून आली. प्रत्येक शाळेतून पाच मुले कमी झाली, तीही वेगवेगळ्या इयत्तांतून. त्यामुळे एकही वर्ग बंद करता येत नाही, एकाही शिक्षकाचे वेतन वाचत नाही, इमारत तापवण्याचा खर्च तसाच राहतो, पण त्या मुलांमागे येणारा पैसा मात्र पुढे येणे थांबते. शिक्षक संघटना हेच मांडते. त्यांचा विरोध नोकऱ्या वाचवण्यापुरता आहे असे मानून बोलू नका, कारण मागे राहणाऱ्या मुलांची बाजू त्यात खरोखरच आहे. तुम्ही स्वतः सार्वजनिक शाळेत काम करता, तेव्हा हे तुम्हाला दिसतही असेल. तुमच्याकडे याचे पूर्ण उत्तर नसेल आणि ते आहे असा आव आणू नये. जिथे चांगल्या शाळांतल्या जागा खरोखर कमी आहेत असाच भाग आणि त्याच इयत्ता निवडल्या आहेत, एवढे दाखवता आले तर आक्षेपाची धार कमी होते. ते दाखवता येत नसेल, तर आक्षेप घेणारे बरोबर आहेत आणि शाळा कुठे काढायची याचा तुम्ही पुन्हा विचार केला पाहिजे.

तुमच्या कल्पनेत विशेष गरजा असलेल्या मुलांविषयी एकही शब्द नाही, याचे मला वाईट वाटले, कारण साहाय्यक शिक्षिका म्हणून अशी मुले तुमच्या वर्गात नक्कीच असतील. शहराच्या चार्टरवरची शाळा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच एक शिक्षण यंत्रणा असते. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याने येणारी जबाबदारी तिला मिलवॉकीच्या शिक्षण मंडळाकडे ढकलता येत नाही. सोडतीत ज्याचे नाव निघेल ते मूल तुमचे. त्याला वाचा-उपचार लागतील, पूर्ण दिवस सोबत एक मोठे माणूस लागेल, तर ती सोय शाळेने करायची, आणि राज्याकडून या खर्चाचा काही भागच परत मिळतो. लहान शाळेत अशा दोनतीन मुलांच्या गरजांनीही अंदाजपत्रकाचा तोल बदलतो. म्हणून पहिल्या वर्षापासून एक पात्र विशेष शिक्षक पूर्णवेळ धरा आणि उपचारतज्ज्ञांचे तास कोणाकडून घेणार ते लिहून द्या. अशी मुले “इथे त्यांची नीट सोय होणार नाही” असे गोड शब्दांत सांगून परत पाठवल्याचे आरोप चार्टर शाळांवर देशभर झाले आहेत. समितीतला जाणता सदस्य सर्वांत आधी हेच पान उघडेल.

अभ्यासाविषयी थोडक्यात. गणितावरचा भर चांगला आहे, पण वाचनाचे काय? विस्कॉन्सिनने 2023 मध्ये प्रारंभिक वाचनाविषयी नवा कायदा केला असून तो स्वतंत्र चार्टर शाळांनाही लागू आहे. लहान वर्गांतल्या मुलांची वाचन-चाचणी त्यानुसार घ्यावी लागते. राज्याची फॉरवर्ड परीक्षा तिसरीपासून असते. तुम्ही बालवर्ग ते दुसरी एवढ्यावर सुरुवात केलीत, तर सुरुवातीची एकदोन वर्षे दाखवायला राज्याचा निकालच नसेल. तोवर प्रगती कशाने मोजणार आणि किती प्रगती झाली म्हणजे पुरेशी, ते आकड्यांत सांगा. मोठमोठी उद्दिष्टे लिहू नका. करार नव्याने करण्याच्या वेळी तीच गळ्यात येतात. शिक्षकांकडे राज्याचा परवाना असावा लागतो, तेव्हा नाशिकचा अनुभव कितीही मोलाचा असला तरी तुमच्या स्वतःच्या परवान्याचे काम आजच सुरू करा.

अंदाजपत्रकात नवखे लोक हमखास एका ठिकाणी घसरतात. पट सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी मोजला जातो आणि राज्याचा पैसा वर्षभरात हप्त्यांनी येतो. तुम्ही 120 मुले धरून शिक्षक नेमले आणि त्या शुक्रवारी 95 हजर निघाली, तर 25 मुलांचे पैसे गेले, वेतने मात्र ठरलेलीच राहिली. म्हणून 120 चे अंदाजपत्रक लिहिताना सोबत 90 चेही जोडा आणि तेव्हा कोणता खर्च थांबवणार ते सांगा. स्थानिक मालमत्ता करातून शिक्षण मंडळाच्या शाळांना जे मिळते, ते तुम्हाला मिळणार नाही. सार्वमतातून मंजूर झालेला वाढीव पैसाही नाही. इमारतीच्या बाबतीत मोघम राहू नका. मिलवॉकीत बंद पडलेल्या सार्वजनिक शाळांच्या इमारतींची मालकी शहराकडे असते आणि त्या कोणाला द्याव्यात यावर बराच वाद झालेला आहे. त्यावर डोळा ठेवून अर्ज करण्यापेक्षा भाड्याच्या जागेचे मालकाशी प्राथमिक पत्र जोडलेले बरे. त्या जागेत शाळा चालवायला शहराच्या झोनिंग (जागेच्या वापराच्या) नियमांप्रमाणे वेगळी परवानगी लागेल का, हेही आधी विचारून घ्या.

नियामक मंडळात आज कोण आहे? मैत्रीतून जमलेला गट आणि करोडोंचा हिशेब सांभाळणारे मंडळ यांत मोठे अंतर असते. शाळेचे कर्मचारी मंडळात अल्पसंख्येतच असू शकतात, म्हणजे तुम्ही आणि ते दोन शिक्षक उद्या शाळेत नोकरी करणार असाल, तर निर्णयाचा अधिकार इतरांकडे जाईल. ते इतर कोण, हे आपुलकीने नव्हे तर गरजेने ठरवा. हिशेब तपासू शकणारा, कायदा जाणणारा, इमारतींचे व्यवहार केलेला आणि त्या परिसरातला एक तरी पालक, एवढे तरी हवेतच. पती-पत्नी दोघांनी मंडळात बसू नये, असा माझा आग्रह आहे. तुमचे यजमान मदत बाहेरूनही करू शकतात.

आणखी एक पान असे आहे की जे लिहायला कोणाचेच मन धजत नाही. शाळा बंद करावी लागली तर काय? वर्षाच्या मधोमध बंद झालेल्या शाळा या शहराने पाहिल्या आहेत. मुले जानेवारीत दप्तर घेऊन नव्या शाळेच्या दारात उभी राहतात आणि त्यांच्या नोंदीही मिळत नाहीत. शाळा बंद करण्याचा निर्णय वर्षाच्या शेवटीच घेऊ, तोवर पुरेल इतका निधी वेगळा ठेवू, प्रत्येक मुलाची कागदपत्रे अमुक व्यक्ती पुढच्या शाळेकडे पोहोचवील, असे लिहून द्या. हे पान तुमच्याविषयी जो विश्वास निर्माण करील, तो रंगीत सादरीकरणाने येणार नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. कौन्सिलमध्ये 15 नगरसेवक आहेत. ज्यांच्या प्रभागात शाळा येणार त्यांना सर्वांत आधी भेटा, इतरांना त्यानंतर, आणि भेटीत मत मागण्याऐवजी त्यांच्या प्रभागातल्या पालकांच्या तक्रारी विचारा. ज्यांनी पूर्वी चार्टर शाळांविरुद्ध मत दिले आहे त्यांना टाळू नका. त्यांचे प्रश्न सुनावणीच्या आधी कळलेले बरे. सुनावणीत प्रत्येकाला मोजका वेळ मिळतो. त्यातला बराचसा वेळ परिसरातल्या पालकांना द्या. तुम्ही बाहेरून आलेले आहात, हे लपवण्यासारखे नाही आणि सतत सांगण्यासारखेही नाही. परक्या देशातून येऊन त्या शहराच्या शाळेत दररोज मुलांसोबत बसणारी शिक्षिका म्हणून तुम्ही उभ्या राहाल, आणि ती ओळख पुरेशी आहे. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून लेखी कळवण्याचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी खरोखरच कळवा.

नोकरी सोडू नका. मंजुरी आणि शाळेचा पहिला दिवस यांत एक पूर्ण वर्ष तरी ठेवायला हवे आणि त्या तयारीच्या वर्षात राज्याकडून मुलांमागचा पैसा येत नाही. नव्या चार्टर शाळांसाठी केंद्र सरकारचे सुरुवातीचे अनुदान असते, पण ते स्पर्धेतून मिळते आणि मिळेलच असे धरून घर चालवता येणार नाही. करारावर सही झाल्यावर, आणि तुमचे वेतन मंडळाने लेखी ठरवल्यावर, तुमच्या सध्याच्या मुख्याध्यापकांना पुरेशी आगाऊ सूचना द्या. शक्यतो जूनमध्ये वर्ष संपल्यावरच निघा. सध्याच्या वर्गातली मुलेही तुमचीच आहेत.